अर्धवट पुस्तकांचा रविवार

वाचनाने माणसाचं मन मोठं होतं. हे वाक्य मी हिंगोली जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांमध्ये, शाल आणि नारळ घेऊन, उच्चारलं आहे. समोरच्या पोरांनी दर वेळी जोरात टाळ्या वाजवल्या, कारण माझ्यानंतर खिचडी असायची. शाली अजून कपाटात आहेत. मनाबद्दल मात्र पुढची हकिगत सांगणं भाग आहे.

दर रविवारी सकाळी दहाला आम्ही सहा-सात जण एका निवृत्त तलाठ्यांच्या बैठकीत जमतो. नियम त्यांचाच: सध्या जे वाचताय तेच पुस्तक आणायचं. संपलेलं चालणार नाही. "पुस्तक संपलं की माणूस त्याच्यावर भाषण करतो," असं त्यांचं म्हणणं, आणि हे म्हणताना ते माझ्याकडे बघतात. प्रत्येकाने पुस्तक उघडून खूण कुठे आलीय ते दाखवायचं आणि आत काय चाललंय ते सांगायचं. ज्याला ते वाचावंसं वाटेल त्याने तिथल्या तिथे नंबर लावायचा: "तुमचं झाल्यावर मला."

बरीच वर्षं नंबर माझ्या पुस्तकाला लागत. मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवला आहे, त्यामुळे जाड पुस्तकाबद्दल दहा मिनिटं बोलणं मला जड जात नाही. शनिवारी संध्याकाळी मी खूण वीस-पंचवीस पानं पुढे सरकवून ठेवायचो. हे आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर आमच्यात एक बाई यायला लागल्या. पुसेगावला त्यांची पिठाची गिरणी. दहावीतल्या मुलीला हिंगोलीत रविवारच्या क्लासला सोडायचं आणि क्लास सुटेपर्यंत दोन तास कुठेतरी काढायचे, एवढ्याच कारणाने त्या आल्या होत्या. आमच्यातल्या मेडिकलवाल्याने त्यांना आणलं. पिशवीतून त्यांनी एक जुनी, पुठ्ठा निघालेली कादंबरी काढली. खूण म्हणून विजेच्या बिलाची घडी होती. एकोणिसावं पान.

"दोन भाऊ हायत," त्या म्हणाल्या. "धाकटा बावीस वर्षांनी घरी आलाय. थोरला दार उघडून न्हाई राहिला."

"काहून?" तलाठीसाहेबांनी विचारलं.

"आता ते मला अजून कुठं माहिती? दळण चालू असताना वाचती मी. हप्त्यात चार पानं होतात."

त्या रविवारी माझ्या पुस्तकाला दोन नंबर लागले, त्यांच्या पुस्तकाला चार. नवीन माणसाचं कौतुक असतं, असं मी घरी जाताना स्वतःला सांगितलं.

पुढच्या रविवारी मी बसतो न बसतो तोच तलाठीसाहेबांनी विचारलं, "ताई, उघडलं का दार?"

"न्हाई ना. ओट्यावरच बसलाय बिचारा. कुणी पाणी बी इचारलं न्हाई."

"आणि थोरल्याची बायको? तिला काही?"

"ती खिडकीतून बघून गेली. तांब्या भरला तिनं, मंग परत ठेवून दिला."

कोणीतरी "अरेरे" म्हणालं. कादंबरीतल्या माणसाला पाणी मिळालं नाही म्हणून हिंगोलीतली मोठी माणसं हळहळत होती. मी इतकी वर्षं दुष्काळ, लढाया आणि बुडालेली राज्यं सांगितली, पण मला कधी अरेरे मिळालं नव्हतं.

असं तीन महिने चाललं. चार पानं, कधी पाच. दार बंदच. मंगळवारी मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो, तर मेडिकलवाला स्ट्रिप कापता कापता म्हणाला, "सर, तुम्हाला काय वाटतं? उघडेल?"

"काय उघडेल?"

"दार हो. ताईंचं."

मी म्हणालो, "ती कादंबरी मी कॉलेजात असतानाच वाचलीय."

पुस्तकं वाचणाऱ्या माणसांमध्ये याच्याइतकं नेहमीचं खोटं दुसरं नसेल. कादंबरी मी पाहिली होती. वाचनालयात उभ्या उभ्या तिची सात-आठ पानं चाळली होती. पण रविवारपर्यंत ती बातमी बैठकीत पोचली आणि तलाठीसाहेब म्हणाले, "म्हणजे सर, या पुस्तकापुरते तुम्ही नियमात बसत नाही. गप ऐकायचं." सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं, आणि ते मला जास्त लागलं.

मग तो रविवार आला. मी निजामाच्या काळातल्या महसुलावरचं दोन खंडांचं पुस्तक नेलं होतं. दोन्ही खंड नेले होते. मी बोललो, खूण दाखवली, थांबलो. नंबर लावायला कोणी तोंड उघडलं नाही. तलाठीसाहेब, ज्यांची हयात महसुलात गेली, ते म्हणाले, "झालं का सर? बराबर. हां ताई, बोला."

"थोरला उठलाय," ताई म्हणाल्या. "दाराजवळ येऊन उभा हाय. कडीवर हात हाय त्याचा. तिथंच लाइट गेली बघा, दळण थांबलं आन् गिऱ्हाईक बोंबलायलं. ऱ्हायलं तिथंच."

बाहेर भाजीवाला "मेथी" म्हणाला ते आत नीट ऐकू आलं.

"उघडत नाही तो," मी म्हणालो. "शेवटपर्यंत उघडत नाही. धाकटा सकाळी निघून जातो."

मेडिकलवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला मुदत संपलेल्या गोळ्या परत करत होतो. ताईंनी पुस्तक मिटलं, पिशवीत ठेवलं, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. "व्हय का," एवढंच म्हणाल्या. "येते मी. क्लास सुटंल."

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी तलाठीसाहेबांनी चहा सांगितला आणि माझ्यापुढे कप ठेवताना म्हणाले, "सर, आता तुम्ही कितीही वेळ बोला." मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. मी दुसऱ्या खंडावर पंचवीस मिनिटं बोललो. नंबर कोणी लावला नाही.

त्या आठवड्यात मी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन ती कादंबरी शोधली आणि दोन दिवसांत वाचून काढली. ताई जिथे थांबल्या होत्या तिथून अकरा पानांवर थोरला दार उघडतो. नुसतं उघडत नाही, धाकट्याला आत घेतो, आणि तिथून पुढे दोघे एका घरात कसे राहतात हीच खरी गोष्ट आहे. चांगली आहे. त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं. एका बाईचं वाचन मी तोडलं होतं, तेही न वाचलेल्या पुस्तकाच्या जोरावर.

शुक्रवारी सकाळी बसने पुसेगावला गेलो. गिरणी विचारावी लागली नाही, आवाजावरून सापडली. दारात डबे आणि पिशव्या घेऊन सात-आठ बाया बसल्या होत्या. आत ताई, डोक्याला फडकं बांधलेलं, पापण्यांपर्यंत पिवळ्या.

"सर? तुमी कसे काय येऊन राहिले इकडं?"

"मला तुमची माफी मागायची आहे."

"काय?"

"माफी!"

"मोठ्यानं बोला! दळण मधात बंद नाही करता येत!"

आयुष्यात एकदाच कबुली द्यायची वेळ आली, तर ती ओरडून द्यावी लागली. "मी ती कादंबरी वाचलेली नव्हती, आत्ता या आठवड्यात वाचली! शेवट मनाने सांगितला! तुमचं कौतुक मला बघवलं नाही!" दारातल्या बाया माझ्याकडे वळल्या. एकीने दुसरीला काहीतरी विचारलं, दुसरीने माझ्याकडे हात केला.

ताईंनी घमेल्यातली हळद वरच्या पेटीत ओतली. "ते मला त्याच दिवशी समजलं होतं," त्या ओरडून म्हणाल्या.

"कसं?"

"अहो, दार उघडायचंच नव्हतं, तर पुढली दोनशे पानं कशाला छापली असती?"

मी इतिहासाचा माणूस. पुराव्यावर मी पोरांना आयुष्यभर शिकवलं.

"मग तुम्ही यायचं का बंद केलं?"

"पोरीची परीक्षा झाली. क्लास संपला. आन् आता हळद हाय ना सर! सगळ्या गावाचं वर्षाचं दळण. पान उलटाया हात मोकळा हाय का माझा? पिवळं होतंय पुस्तक." मग त्यांनी दाराकडे पाहून ओरडून सांगितलं, "अगं, हेच ते सर! दाराचं पुढचं वाचून आलेत!"

सगळ्या बाया सावरून बसल्या. यांनाही ती गोष्ट चार-चार पानांनी माहीत होती, बहुधा आमच्या आधीपासून. आमच्या बैठकीत सहा-सात जण, इथे सगळं गाव. माझ्या पोटात ते जुनं ओळखीचं दुखणं पुन्हा उठलं, कबुली देऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

आता मला खरोखर माहीत होतं. मी घसा साफ केला.

"नगं, नगं!" सगळ्यात पुढे बसलेली म्हातारी म्हणाली. "तुमी नका सांगू बाबा. ताई सांगंल तिची ती. तुमी बसा गप."

कोणीतरी माझ्यासाठी हळदीचं एक रिकामं पोतं पसरलं. मी साडेअकराच्या बसचं विचारलं. ती सव्वाअकरालाच गेली होती.