जिन्यातली पुसलेली काच

"फोटो खंय?"

खोकणारा माणूस जिना चढताना दिसला की काकांचा हा प्रश्न ठरलेला. खंय म्हणजे कुठे, आणि फोटो म्हणजे छातीचा एक्स-रे. ते एका सार्वजनिक रुग्णालयाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त झाले होते. परळच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांची खोली. जिन्याच्या खिडकीला सहा काचा. पाच काळवंडलेल्या, सहावी ते रोज सकाळी ओल्या वर्तमानपत्राने पुसत. फिल्म त्या काचेला लावून बघत. रिपोर्टचा कागद कुणी पुढे केला तर परत देत. "ह्यो तू वाच. माका फिल्म दी."

तुमच्याही इमारतीत असा एखादा असेल, ज्याला बघून लोक खोकला दाबतात. आम्ही त्यांना मागून 'फोटोवाले' म्हणायचो. आवाज असा की दुसऱ्या मजल्यावर बोलले तर तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जाई. "ह्येच्या फुप्फुसात पाणी झालाहा," हे त्यांनी एकदा एका गृहस्थांच्या सासऱ्यांबद्दल भर जिन्यात जाहीर केलं होतं. निदान बरोबर होतं. पण ते सासरे पुन्हा चाळीत आले नाहीत.

माझ्या मुलीला ताप येऊ लागला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. मी हिशेबाच्या कामातला माणूस, म्हणून तापाची वही सुरू केली. सकाळी नव्याण्णव, संध्याकाळी एकशे एक, मग एकशे दोन. वजन एकोणपन्नासवरून सत्तेचाळीस. खोकला जवळजवळ नाहीच. आमच्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हटलं, मग टायफॉइडच्या गोळ्या दिल्या. थुंकी तपासली, निगेटिव्ह. तिसऱ्या आठवड्यात छातीचा एक्स-रे सांगितला.

फिल्म लगेच मिळाली, लेखी रिपोर्ट दोन दिवसांनी मिळणार होता. मी दवाखान्यात फोन केला तर कंपाउंडर म्हणाला, "साहेब, गर्दी आहे. मोबाइलवर फोटो काढून पाठवा ना." मी ट्यूबलाइटखाली फिल्म धरली, फोटो काढला, पाठवला. दहा मिनिटांत डॉक्टरांचं उत्तर आलं: क्लिअर. व्हायरल रेंगाळलाय, व्हिटॅमिन द्या.

बायको म्हणाली, "एकदा काकांना दाखवू या का?"

"वेड लागलंय का? सगळ्या चाळीला कळेल. पुढच्या महिन्यात शीवहून पाहुणे यायचेत मुलगी बघायला."

फिल्म मी कपाटामागे सरकवली. आणि क्लिअर म्हटल्यावर तो लेखी रिपोर्ट आणायलाही गेलो नाही. शाळेपासून आजवर एकही पावती हरवू न देणारा मी माणूस. दोन गल्ल्या चाललो नाही.

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी मुलगी जिन्यात दम लागून खाली बसली. काका काच पुसत होते.

"फोटो खंय?"

"कपाटामागे," ती म्हणाली.

ते न विचारता आमच्या घरात शिरले. मी कपाटामागून फिल्म काढली. ती त्यांनी काचेला लावून बघितली. मग मुलीला हात धरून आपल्या खोलीत बसवलं, मला आत घेतलं, दार लावलं, फिल्म आतल्या खिडकीला धरली. मी त्यांच्या आवाजाची वाट बघत होतो. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा कुजबुजताना ऐकलं.

"दोनय बाजूंक, वरपासून खालपर्यंत. नाचणो पेरल्यासारखे बारीक दाणे. दिसतत?"

एकदा दाखवल्यावर दिसले. मग दुसरं काही दिसेना.

"डॉक्टरनी बघितलो?"

"मोबाइलवर पाठवला होता."

त्यांनी माझी वही मागितली. पानं उलटली. शेवटचा आकडा चव्वेचाळीस किलो. "एवढे आकडे लिवलंस. ह्येंची बेरीज कोण करतलो रे, मेल्या?"

हेही त्यांनी हळूच विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

टॅक्सीत ते पुढे बसले. मागे न बघता म्हणाले, की नोकरीत असताना असेच दाणे त्यांना एका मुलीच्या फोटोत दिसले होते. तरुण डॉक्टरला सांगायला गेले, तर तो म्हणाला, तुम्ही फोटो काढा, वाचायचं आम्ही बघू. "तिसऱ्या दिवशी खाट रिकामी. तेवापासून मी गप रवणंय नाय."

रुग्णालयात सीटी झाला. डोळ्यांच्या आत बघितलं, आजार मेंदूपर्यंत पोचलाय का म्हणून पाठीतून पाणी काढलं. तिथवर पोचला नव्हता. मिलिअरी टीबी, तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातून सगळीकडे पसरतो. थुंकीत बऱ्याचदा सापडत नाही. "आणखी आठवडा उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते." लेखी रिपोर्ट मी त्या संध्याकाळी आणला. त्यात सगळं लिहिलेलं होतं. दहा दिवस तो लॅबच्या खणात पडून होता.

आमचे डॉक्टर म्हणाले, "मोबाइलवर असं होतं कधीकधी." त्यांच्यावरचा राग मी अजून सोडलेला नाही. सोडायचाही नाही. पण फोटो मी पाठवला होता.

औषध नऊ महिने. काका रोज सकाळी सातला दारात, गोळ्या गिळल्या का बघायला. "तोंड उघड. जीभ वर कर." गोळ्यांनी तिला उलटी झाली की ते बाहेर स्टुलावर बसून राहत, डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारत, पुन्हा आत येत. एकदा सरकारी टीबी केंद्रावर गोळ्या संपल्या होत्या. तिथे ते एवढे ओरडले की दुपारी गोळ्या घरी आल्या. चाळीने विचारलं, हिला काय झालंय? "कावीळ," काकांनी सांगितलं, पूर्ण आवाजात.

शीवचे पाहुणे आलेच नाहीत. कुणी सांगितलं ते कळलं नाही. काकांनी नाही, एवढं मला माहीत आहे.

सातव्या महिन्याच्या शेवटी, दुपारी जेवून खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. हृदय. अंत्ययात्रेत लोक म्हणत होते, माणूस चांगला, पण तोंडाचा फटकळ. मी काही बोललो नाही, याचा मला त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त राग येतो.

उरलेले दोन महिने मुलीने गोळ्या स्वतःच घेतल्या, आरशासमोर तोंड उघडून. वजन बावन्न. शेवटचा एक्स-रे स्वच्छ आला. घरी आल्यावर तिने ओलं वर्तमानपत्र घेतलं आणि सहावी काच पुसली.

"फिल्म दे ना बाबा."

फिल्म नव्हती. आता देत नाहीत, मोबाइलवर लिंक येते. मी मोबाइलच काचेला लावला. मागून ऊन येत होतं. पडद्यावर छाती दिसेना. माझा चेहरा दिसत होता.