छावणीतला स्केटबोर्डवाला

मी घर सोडलं त्या दिवशी शहर बंद होतं. विद्यापीठाच्या नावावरून बंद होता. त्या हिवाळ्यात असे बंद सारखेच होत. रिक्षा नव्हती, सिटी बस नव्हती. मुंबईची गाडी मात्र सुटणार होती, आणि मुंबईहून माझं जर्मनीचं विमान. छावणी मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीपुढं पत्र्याची ट्रंक ठेवून अप्पा, मी आणि माझा मित्र मिलिंद उभे होतो. मायनं त्या ट्रंकेत शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि वर एक घोंगडी कोंबली होती. ती उचलून स्टेशनापर्यंत नेणं कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं.

शेवटी अप्पांनी माझा स्केटबोर्ड ओढून रस्त्यावर आणला. ट्रंक त्यावर ठेवली, दोरीनं आवळली आणि ओढायला लागले. याच फळीवरून त्यांनी मला वर्षानुवर्षं बोल लावले होते. "मेंढरामागं हिंडताना पाय जमिनीला लागतो. तुझा तर लागतच नाय," असं म्हणायचे. त्या दिवशी ते गुमान ओढत होते, मिलिंद मागून ट्रंक सावरत होता आणि मी रिकाम्या हातानं बाजूनं चाललो होतो.

चौकात हवालदारानं अडवलं. "किधर जारे चचा? बंद मालूम नै क्या?"

"पोरगं चाललंय परदेशी," अप्पा म्हणाले. "टेशनापोत्तर सोडतो."

हवालदारानं ट्रंकेखालची चाकं वाकून पाहिली, हसला आणि म्हणाला, "जाव, जल्दी निकलो."

माय स्टेशनावर आली नाही. गाडी हललेली तिला बघवत नसे. दारातच तिनं माझ्या गुडघ्यांवरून हात फिरवला होता. "इथं पडलास तर मी हाय. तिथं उठवायला कोन हाय?" मिलिंदला दुपारी मोर्चाला जायचं होतं, तरी गाडी सुटेपर्यंत तो फलाटावर थांबला. मी खिडकीतून बघत राहिलो. अप्पा आणि तो परत निघाले होते, एकमेकांच्या बरोबरीनं.

त्याआधीही मी एकदा घर सोडलं होतं, पण तेव्हा सगळेच निघालो होतो. आमचं गाव लासूर स्टेशनच्या पलीकडं. मेंढरं हाच धंदा. चराईची रानं कमी होत गेली तशी अप्पांनी मेंढरं विकली, आणि वाळूजला कारखाने उभे राहत होते तिथं हेल्पर म्हणून लागले. आम्ही छावणीत एक खोली घेतली. शाळेत पहिल्याच आठवड्यात शेजारच्या पोरानं गाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं वहीतून मान वर केली.

"तू बी तिथलाच व्हय?" मी विचारलं.

"व्हतो," मिलिंद म्हणाला.

त्या एका शब्दाचा अर्थ मला घरी कळला. नामांतराच्या पहिल्या दंगलीत आमच्या गावातली बौद्धांची घरं जळाली, तेव्हा मिलिंदचे आईवडील त्याला कडेवर घेऊन रातोरात शहरात आले होते. मी तेव्हा इतका लहान होतो की मला फक्त धुराचा वास आठवतो. माय हे सांगत होती आणि अप्पा जमिनीकडं बघत बसले होते.

आमची दोस्ती जमली ती चाकांवरून. अप्पांच्या कारखान्यातून झिजलेली बेअरिंगं भंगारात जात. ती लाकडी फळीला ठोकून आम्ही गाडा केला. वाळूजचे नवे रस्ते तेव्हा गुळगुळीत आणि सुने होते. प्लॉट आखलेले, कारखाने अजून यायचे. रविवारी आम्ही तिथं जायचो. मग त्याच कारखान्यात मशिनी बसवायला एक जर्मन इंजिनिअर आले. त्यांचा पोरगा थॉमस आमच्याच वयाचा. त्याच्याकडं खरा स्केटबोर्ड होता. आमच्या गाड्याचा खडखडाट ऐकून तो आमच्यात आला, आणि परत जाताना बोर्ड माझ्या हातात देऊन गेला.

पुढची वर्षं मी त्या फळीवर घालवली. दहावी झाली, आयटीआय झालं, कारखान्यात टेंपररी लागलो. पण पाळी सुटली की मी रस्त्यावर. मिलिंद गुलमंडीतल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडं कामाला होता. एकदा त्यानं मालकाचा कॅमेरा आणला आणि माझं शूटिंग केलं. पायऱ्यांवरून उडी, रेलिंगवरून घसरण, सगळं. मालकानं कॅसेट सवयीनं लग्नासारखीच तयार केली. मागं सनई वाजतेय, चारी बाजूंनी गुलाबाची फुलं पडताहेत आणि मध्ये हृदयाच्या चौकटीत मी हवेत. तीच कॅसेट आम्ही थॉमसला पाठवली. त्यानं हॅम्बुर्गला स्केटबोर्डचं दुकान काढलं होतं. नंतर त्यानं सांगितलं, सनई सुरू झाल्यावर दुकानातली पोरं पोट धरून हसली, आणि पहिल्या उडीनंतर सगळी गप्प झाली.

अशा रीतीनं मी तिथं पोचलो. दुकानाच्या वरच्या पोटमाळ्यावर माझी गादी होती. दिवसभर खाली पोरांची वर्दळ असायची, संध्याकाळी शटर पडायचं आणि सगळे आपापल्या घरी जायचे. त्या शटरचा आवाज मला अजून आवडत नाही. ज्वारीच्या पिठाची भाकरी मी त्यांच्या विजेच्या शेगडीवर करून बघितली; ती फुगली नाही. चुलीवर करायचो तेव्हा माय समोर बसलेली असे, हे ध्यानातच आलं नव्हतं.

जानेवारीत माझी पहिली मोठी स्पर्धा होती. त्याच आठवड्यात घराजवळच्या किराणा दुकानात फोन केला, तर दुकानदार म्हणाला, "झालं बाबा नामांतर. नामविस्तार म्हनून ऱ्हायलेत त्याला, पन झालं. इकडं वातावरन गरम हाय, आता कोनाला बोलवायला जात नाय मी." फोन कट झाला. पुढचे कितीतरी दिवस तो लागलाच नाही.

मी थॉमसला सांगितलं. माझं जर्मन मोडकं, त्याचं इंग्रजी बरं. त्यानं मनापासून ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे एका विद्यापीठाचं नाव बदललं, एवढंच ना?"

मी त्याला मिलिंदचं घर सांगायला गेलो, धुराचा वास सांगायला गेलो, तो "व्हतो" सांगायला गेलो. शब्द पुरले नाहीत. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्या अख्ख्या शहरात ते ठाऊक असलेला मी एकटा होतो.

स्पर्धा मी जिंकलो. लोक ओरडत होते, कुणीतरी मला खांद्यावर घेतलं. बोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीच्या माणसानं तिथंच करार पुढं केला. मी प्रोफेशनल झालो. आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं, मिलिंद नीट असेल का.

तो नीट होता. "सगळं ठीक हाय," अप्पा नंतर फोनवर म्हणाले. ते फोनवर कायम तेवढंच बोलत. खरं काय झालं ते मला काही वर्षांनी मिलिंदकडून कळलं. त्यांच्या वस्तीवर दगड पडले होते. संध्याकाळी अप्पा स्वतः तिथं गेले आणि त्याच्या आईवडिलांना आमच्या एका खोलीत घेऊन आले. आमच्या रखमाची, माझ्या बहिणीची, सोयरीक गावाकडं ठरत आली होती. पाहुणे बोलणी करायला आले, तर घरात मिलिंदची आई भाकरी थापत होती. पाहुणे पाणीसुद्धा न पिता उठले. जाताना भावकीतल्या एकानं विचारलं, ही माणसं इथं कशी.

"आपल्याच गावची हायेत," अप्पा म्हणाले. "गावानं काढली, मी ठेवली."

सोयरीक मोडली. दोन वर्षं गावाकडचं कुणी आमच्या दारात आलं नाही. रखमाचं पुढं बीडकडं चांगलं झालं, पण ती दोन वर्षं त्या घरात कशी गेली असतील ते मी पाहिलं नाही. मिलिंद फोनवर हे सांगत होता तेव्हा मी कुठल्याशा गावातल्या पार्किंगमध्ये, कंपनीच्या व्हॅनला टेकून उभा होतो. समोर पोरं सह्या घ्यायला थांबली होती. एवढा अभिमान आणि एवढं एकटेपण मला एकाच वेळी पुन्हा कधी वाटलं नाही.

माझी कारकीर्द अशी व्हॅनमधूनच गेली. आज हे शहर, उद्या ते. माझ्या नावाचा बोर्ड निघाला. चित्र काय हवं, कंपनीनं विचारलं. मी म्हणालो, मेंढी. ते हसले, पण काळी मेंढी छापली आणि तो बोर्ड चांगला खपला. एक मी घरी पाठवला. मायनं त्याला हळदकुंकू लावून देवाच्या शेजारी टांगला आणि पोराबाळांना बजावलं, खबरदार, त्याला कुणी पाय लावायचा नाही.

मग एका पायऱ्यांवर माझा गुडघा गेला. त्याआधी तसल्या पायऱ्या मी डोळे मिटून उतरलो होतो. दवाखान्यात पहिल्या दिवशी थॉमस फुलं घेऊन आला, व्हॅनमधली पोरं आली. मग व्हॅन पुढं निघून गेली. ती जाणारच होती. मी घरी कळवलं नाही. फोनवर म्हणालो, सगळं ठीक हाय. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, हे वाक्य कुणाचं ते.

पुन्हा पूर्वीसारखं उडता आलं नाही. वयानं लहान, हाडानं हलकी पोरं आली आणि मेंढी छापायची थांबली. आता मी इथं हॅम्बुर्गलाच नगरपालिकेच्या एका हॉलमध्ये मुलांना स्केटबोर्ड शिकवतो. पहिल्या दिवशी पडायचं कसं तेच शिकवतो. मुलं मला खांडू म्हणतात. खंडू त्यांना म्हणता येत नाही, आणि मीही आता दुरुस्त करत नाही.

माय गेली तेव्हा मी वेळेवर पोचलो नाही. विमानं लांबून येतात. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि जे तिथंच राहिले त्यांना सांगूनही पटणार नाही.

गेल्या वर्षी गेलो तेव्हा अप्पा खाटेवरच होते. शहराचंही नाव आता बदललं आहे. वाळूजच्या त्या सुन्या रस्त्यांवर ट्रक हलत नाहीत इतकी गर्दी असते. अप्पांजवळ राहायला आलेल्या रखमानं मला नव्या कपात चहा दिला. पाणी कुठं ठेवतात ते विचारावं लागलं.

संध्याकाळी मिलिंद आला. चप्पल काढून, कुणाला न विचारता आत गेला, गोळ्यांची डबी घेऊन आला आणि खाटेच्या कडेला बसला. त्याचा स्वतःचा फोटो स्टुडिओ आहे, नातवंडं आहेत. पण रोज तो तासभर इथं येतो. दोघं कापसाच्या भावाबद्दल थोडं बोलले. मग अप्पांचा डोळा लागला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होतो.

थोड्या वेळानं अप्पा झोपेतच म्हणाले, "खंड्या, तांब्या दे रं."

मी उठणार, तोवर मिलिंद म्हणाला, "आलो, अप्पा." आणि त्यानं पाणी दिलं. अप्पा प्यायले, डोळे न उघडता त्याचा हात थोपटला आणि पुन्हा झोपले.

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. जरा ओशाळला. "लई वर्षं झाली," तो हळूच म्हणाला. "ते तसंच हाका मारत्यात. मी बी 'ओ' देतो."

मी त्याच्या हातातून तांब्या घेऊन खाली ठेवला. आता परत इथं हॅम्बुर्गला, हॉलचं शटर पाडल्यावर, कुणी विचारतं, घर कुठं तुझं? मी शहराचं नाव सांगतो. जुनं सांगू की नवं, यात थोडा अडखळतो. पण मनात मला त्याचं उत्तर आता नेमकं माहीत आहे. घर तिथं आहे, जिथं अजून रोज कुणीतरी माझ्या नावानं हाक मारतं आणि ती हाक रिकामी जात नाही.