मिलचं पाणी आणि माझा काळा रंग

चोर म्हटलं असतं तरी मी एवढा पेटलो नसतो. परळच्या एका मिलमधले केमिस्ट साहेब सगळ्या रंगखात्यासमोर मला म्हणाले, "नमुना एक दाखवता आणि माल दुसराच पाठवता. तुमच्यासारख्यांची ही जुनी खोड."

'तुमच्यासारखे' म्हणजे कोण, ते मला बरोबर कळलं. त्याच खात्यात मी कामगार म्हणून दहा वर्षं रंग ढवळला होता. तिथून बाहेर पडून लालबागला एका शेडमध्ये कापडावर छापायचा, काजळीचा घट्ट काळा रंग घोटायला लागलो. भावात मी कुणाला सोडत नाही, आवाजही चढतो. पण मालात खोट केली नाही. साहेबांचं म्हणणं असं, की प्रयोगशाळेत माझा नमुना दिवसभर एकजीव राहतो, आणि पिंपातला रंग यंत्रावर तासाभरात तळाला बसतो, कापडावर पट्टे उठतात. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पिंपं परत आली.

माझी खात्री पोकळ नव्हती. प्रत्येक खेप मी मोजून पाठवत होतो. दादरच्या संध्याकाळच्या वर्गात मास्तरांनी शिकवलं होतं: पाण्यातल्या काजळीच्या कणांवर विजेचा भार असतो. सगळ्यांवर एकाच जातीचा, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. भार घटला की चिकटतात, गुठळ्या होतात, गाळ बसतो. भार डोळ्यांना दिसत नाही, पण चाल दिसते. दोन काचांमधल्या बारीक फटीत पातळ केलेला रंग सोडायचा, दोन टोकांना रेडिओच्या बॅटरीच्या तारा जोडायच्या आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. कण एका तारेकडे चालू लागतात. भार जास्त, तर चाल जलद. सूक्ष्मदर्शक मी जुन्या बाजारात तीन फेऱ्या मारून, दोनदा उठून जाऊन मिळवला होता. चाल मोजायला हुतूतूच्या पंचाचं घड्याळ होतं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. शेजारच्या चाळीतला एक विणकर समितीचं काम करायचा. तो शेडमध्ये आला.

"शेट, परत आलेला काळा आम्हाला दे. भिंती रंगवायच्यात."

"फुकट?"

"मग काय, मुंबई विकत घेऊन देतोस?"

दिला एक डबा. दोन दिवसांनी सकाळी तो पुन्हा दारात. "रंग झकास हां. चाळीच्या नळाखालीच कालवला. उरलेली बादली बघ, अजून वरपासून खालपर्यंत काळी. तळाला काय नाय."

मी हातातलं काम टाकलं. पिंप तेच, फक्त पाणी नळाचं. साहेब तर प्रयोगशाळेत नमुना डिस्टिल्ड, बिनक्षाराच्या पाण्यात कालवत होते. मग यंत्रावर कुठलं? मिलच्या फाटकाशी रंगखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, भेटला. माझा जुना दोस्त, मालवणकडचा.

"विहिरीचा रे," तो म्हणाला. "नळाचा पाणी कमी येता म्हणान सायबानीच नळी जोडून घेतल्यानी."

दुपारी त्याने एक बाटली भरून आणली. नळाच्या पाण्यात माझा कण सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या आखीव चौकटीचं एक घर सहा सेकंदांत ओलांडत होता. विहिरीच्या पाण्यात वीस सेकंद झाले तरी तो अर्ध्यातच. विहिरीतला क्षार भार मारत होता. मग त्या पाण्यात क्षार बांधून ठेवणारी एक पांढरी पूड चिमूटभर टाकली. कण पुन्हा पळू लागला.

सगळं सामान घेऊन मी रंगखात्यात गेलो. जॉबरने बघितलं, कामगारांनी रांग लावून बघितलं, शेवटी साहेबांनी. खूप वेळ बघितलं.

"पाण्याचा दोष आहे," ते म्हणाले. "पूड कसली?"

"ते मागाहून."

"बरं, पिंपं पाठवा. दरही वाढवून देऊ."

"दर तोच राहू दे. त्या दिवशीचा शब्द मागे घ्या. इथेच, ह्यांच्यासमोर."

"अहो, धंद्यात असं बोलणं व्हायचंच."

"माझ्या धंद्यात नाही."

पुडीची पुरचुंडी खिशात घालून मी निघून आलो. वाढीव दर मी आयुष्यात एकदाच नाकारला, तो त्या दिवशी.

आठवड्याने मिलचं पत्र आलं. माझ्या मालात दोष नव्हता, असं इंग्रजीत टाइप केलेलं. मी ते आणणाऱ्या शिपायाच्याच हाती परत केलं. आरोप मराठीत केला होता आणि ज्यांनी तो ऐकला त्यांना इंग्रजी येत नव्हतं. दुसरं पत्र यायला चार दिवस लागले. साहेबांच्या हातचं, चार ओळींचं, मराठीत. जॉबरने स्टुलावर उभं राहून ते खात्यात मोठ्याने वाचलं. मी समोर उभा होतो. वाचून झालं तसं मी पुडीचं नाव सांगितलं, मापासकट.

साहेब त्या दिवशी नेमके रजेवर होते. ते मी अजून विसरलेलो नाही.