रोमन बंगल्यातले मावळे

देवेशला कुठलीही गोष्ट सरळ करता येत नाही, असं त्याची बायको कांचन म्हणते. म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतल्या त्यांच्या सोसायटीत दिवाळीला मराठी घरांतली मुलं किल्ले बांधतात. या पठ्ठ्यानं बांधला रोमन बंगला!

देवेश इंजिनीअर, उत्खननांच्या जागी मोजणी करतो. गेल्या वर्षी इटलीत सोळाशे वर्षांपूर्वीचा एका जमीनदाराचा बंगला मोजून आला, आणि त्यानं त्याला झपाटलंच. एका फळीवर खडूचे खांब, ऐटदार हमाम, जेवणाच्या दालनात फुटक्या टाइलच्या तुकड्यांची नक्षी. रविवारी मराठी मंडळात त्याचं आयुष्यातलं पहिलं व्याख्यान होतं. टेबलावर हा बंगला ठेवून तो बोलणार होता.

शनिवारी तो आठवडाभरानं हुणसूरच्या कामावरून परतला, तर बंगल्यावर परचक्र येऊन गेलेलं. खांब पाडून बुरूज रचलेला. नक्षीवर माती पसरून पेरलेले अळीव तरारून उगवलेले. दालनात महाराज, दारात मावळे, हमामात मातीच्या शेळ्या.

"नव्या!"

शेजारच्या गोदावरीबाईंची नात पुढे आली. "अंकल, किल्ला रिकामाच होता. महाराज कुठे बसणार?"

"अगं, तो किल्ला नाही! आणि शेळ्या न्हाणीघरात?"

"पाणी कुठंय तिथं? भिंत आहे, पळत नाहीत."

"बिडो रे, जाऊ दे," मागून गोदावरीबाई हसल्या. त्यांचं घराणं म्हैसूरच्या जुन्या पलटणीतलं. "मालक गेला की कोणी तरी राहायला येतंच की. आमचं जुनं घर म्हणजे आधीची घोड्यांची पागा. गव्हाणीत मी तांदूळ ठेवायची!"

"उद्या माझं व्याख्यान आहे हो, आजी!" म्हणत देवेश खुरपं घेऊन बसला. पहिला अळीव उपटला आणि हात थबकला. इटलीतही नक्षीवर असाच मातीचा थर होता. मालक गेल्यावर आलेल्यांनी दालनात चूल मांडली होती, हमामात जनावरं बांधली होती. ते सगळं त्यानंच मोजलं होतं, आणि दिसायला बरं नाही म्हणून व्याख्यानातून त्यानंच गाळलं होतं.

"नव्या, चूल कुठाय?"

"मांडलीच नाही."

"मग मांड. दालनात, थेट नक्षीवर."

"झालं!" कांचन म्हणाली. "आता दोघं मिळून बिघडवा."

रविवारी जमीनदाराची बोळवण चटकन झाली. बाकीचा वेळ चूल आणि शेळ्यांनी खाल्ला. लोक खुर्च्या सोडून टेबलाभोवती जमले. देवेश रंगात आला होता, तेवढ्यात नव्या गर्दीतून घुसली आणि अळिवावर पाणी शिंपडून गेली. तो बोलायचा थांबला नाही.