न्हाव्याची स्वतःची दाढी

गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं सलून होतं. तिथल्या न्हाव्याला गिऱ्हाइकं 'मखमल' म्हणत, कारण त्याचे गाल कधीही बघा, गुळगुळीत. "असा वस्तरा आमच्यावर का नाही चालवत रे?" असं कुणी म्हटलं की स्वारी खूश! खरं तर गेल्या काही वर्षांत त्याची दाढी वाढणंच बंद होत आलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दिवसभर जगाच्या दाढ्या करणाऱ्याला स्वतःच्या हनुवटीचा कधी संशय आला नाही.

लग्नाआधी त्याला कुष्ठरोग झाला होता. गोळ्या पूर्ण घेऊन तो बरा झाला, करंगळी तेवढी बधिर राहिली. बायकोला हे सांगूनच लग्न झालं. सांगितलं नाही ते एकच. त्या आजारात ताप येऊन अंडकोष सुजले होते, आणि लाजेपायी त्याने ते डॉक्टरांनाही दाखवलं नव्हतं.

पाळणा हलेना. तपासण्या बायकोच्या, औषधं बायकोला, टोमणेही बायकोलाच. चोर सोडून संन्याशाला फाशी! शेवटी त्याची आई म्हणाली, "हिला माहेरी पोचव. मी दुसरी बघते." न्हावी गप्प बसला. अशा वेळी गप्प बसणाऱ्यांचा मला फार राग येतो.

त्याच आठवड्यात गरम पाण्याने करंगळी भाजली आणि त्याला कळलंही नाही. पट्टी करताना डॉक्टरीणबाईंनी बधिरपणाचं कारण, तो जुना आजार, विचारून घेतला आणि त्याच्या गुळगुळीत गालांकडे बघत सहज विचारलं, "दाढी कधी करता?"

"मी? क्वचित," तो ऐटीत म्हणाला.

"पहिल्यापासून असंच?"

"छे हो! पूर्वी सकाळी केलेली संध्याकाळी टोचायची."

बाई हसल्या नाहीत. "त्या आजारात खाली कधी सूज आली होती?"

त्याने फरशीकडे बघत मान हलवली, हो.

रक्त तपासलं, वीर्यही तपासलं. बाईंनी स्पष्ट सांगितलं, "रोग गेलाय, पण त्या सुजेने अंडकोष सुकले. पुरुषी संप्रेरक कमी पडतंय. इंजेक्शनांनी ताकद, इच्छा, दाढी परत येईल. शुक्रजंतू मात्र नाहीत. मुलाची आशा त्या वाटेने धरू नका."

घरी बायकोची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

"आई, ही कुठेही जाणार नाही. दोष माझ्यात आहे."

"हळू बोल! शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. इतकी वर्षं हिच्याबद्दल ऐकलंच ना त्यांनी?"

त्याने त्या सुजेचंही सांगितलं. बायको रडली, आणि मग चिडली. "एवढं दुखत होतं तर सांगायला काय झालं होतं?" असं म्हणत तिनेच बॅग उपसली.

पुढे मूल दत्तक घ्यायचं ठरलं. आई फुगून बसली, मग चष्मा शोधून दुपटी शिवायला लागली. इंजेक्शनंही सुरू झाली होती.

एका सकाळी बायकोने नवऱ्याच्या गालाला गाल लावला आणि दचकली.

"अगं बाई! टोचतंय की!"

तो लगबगीने वस्तऱ्याकडे वळला. तिने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आज टोचू दे."