देवीच्या फोटोमागचा लाल दिवा

वडिलांना नाशिकच्या इस्पितळात पोचायला उशीर का झाला, ते घरात फक्त मला ठाऊक आहे.

ऐंशी सालाच्या आसपास मी जुनी मोटार घेतली. थोड्याच दिवसांत ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. गॅरेजवाला म्हणाला, "स्विच बिघडला असेल किंवा वायर घासली असेल, तर भ्यायचं कारण नाही. पण ऑइल कमी असेल, पंप गेला असेल, तर इंजिन जाम होईल. दिवा लागला की आधी गाडी थांबवा, इंजिनातली पट्टी ओढून ऑइल किती आहे ते बघा."

मी स्विचचंच कारण धरून बसलो. दिवा दिसला की आई घाबरायची, म्हणून कॅलेंडरवरचा सप्तशृंगीचा छोटा फोटो कापून दिव्यावर डिंकाने चिकटवला. दिवा दुरुस्त झाला, असं घरात सांगितलं. आई खूश. थोरल्या भावाने मात्र डिकीत ऑइलचा डबा ठेवला. "देवीला फुलं वाहा, पण गाडीला हे पाज," म्हणाला.

एका संध्याकाळी मालेगावच्या घरी वडिलांना धाप लागली. डॉक्टर म्हणाले, लगेच नाशिकला न्या. मागे भाऊ वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन बसला, आई माझ्याशेजारी. राहुड घाटात एका वळणावर देवीचा चेहरा लाल झाला. पुढच्या वळणावर पुन्हा. मग तो लाल उजेड जाईचना.

आईने हात जोडले. "बघ रे, देवी जागी झाली. आता ह्यांना काही होत नाही."

माझे तळहात घामाने स्टिअरिंगवरून निसटायला लागले. वळणावर दिवा लागतो म्हणजे ऑइल तळाला गेलं, एवढं मला कळत होतं. डबा डिकीत होता. थांबून ओतायचं, एवढंच. पण थांबलो तर फोटोमागे काय आहे ते सांगावं लागणार होतं. मागे वडिलांची घरघर चालू, आणि आईचे हात अजून जोडलेले.

"हळू काय चालवतोस?" भाऊ ओरडला. "वरात आहे का ही? दामट!"

मी दामटली. इंजिनात टकटक सुरू झाली, मग खडखड. चांदवडच्या अलीकडे गाडी एक आचका देऊन बंद पडली. अंधारात मी ट्रकना हात करत होतो आणि एकही थांबत नव्हता. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. शेवटी कांद्याच्या एका ट्रकने आम्हाला घेतलं.

"थोडं आधी आणायला हवं होतं," नाशिकचे डॉक्टर म्हणाले. पहाटे वडील गेले.

"जुनी गाडी होती, तुझा काय दोष," भाऊ म्हणाला, आणि मी त्याला म्हणू दिलं. गाडी भंगारात द्यायच्या आधी आईने फोटो अलगद सोडवून देव्हाऱ्यात ठेवला. देवी ह्यांना न्यायला आली होती, मी डोळ्यांनी पाहिली, असं ती अखेरपर्यंत सांगत राहिली.

आता आई आणि भाऊ दोघंही नाहीत. परवा नातीने तीच गोष्ट मला ऐकवली आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही पण पाहिलीत ना देवी?"

नाही बाळा. मी ऑइलचा दिवा पाहिला होता. तो मला थांब म्हणत होता.