छपरावरच्या रजया

डोंगरावरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईला सगळे ‘दोन-ते-आठ’ म्हणत. लशींचा फ्रीज दोन ते आठ अंशांतच राहिला पाहिजे, हे तिनं येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवलं होतं की तिचं खरं नाव लोक विसरून गेले होते. तिथं वर वीज नव्हती. छपरावरच्या सोलर पॅनलवर फ्रीज चालायचा. दिवसा ऊन मिळालं की पोटात बर्फ धरायचा आणि त्यावर रात्र काढायचा. एकदा डॉक्टरांनी आपली पाण्याची बाटली आत ठेवायचं सुचवलं. तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढे उन्हाळाभर ते माठाच्या पाण्याचे गुण गात राहिले.

एका आठवड्यात तीन दिवस आभाळ भरून होतं. फ्रीजवरचा आकडा सातावर आला. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण दुपारी बघते तर साडेसात! दुसऱ्या दिवशी बावीस मुलांना लस द्यायची होती. तिनं वायरी तपासल्या, फ्रीजला चार शब्द गोडीनं सांगून पाहिले, मग पदर खोचून मागच्या अंगाला गेली. तिचं बिऱ्हाड दवाखान्यालाच लागून, त्याच छपराखाली होतं. शिडी आधीच लावलेली दिसली.

वर चारही पॅनलवर रजया पसरलेल्या, आणि पाचवी झटकत उभ्या होत्या तिच्या सासूबाई. गुडघ्यांमुळे उंबरा ओलांडवत नाही म्हणणाऱ्या.

“आई, काढा त्या.”

“तीन दिवसांची ओल आहे त्यांच्यात. आणि ऊन काय तुझ्या दवाखान्यानं विकत घेतलंय?”

“ऊन चार वाजेपर्यंतच आहे,” ती म्हणाली. “तोवर फ्रीज गार झाला नाही तर उद्याच्या लशी फेकाव्या लागतील. त्यात आपल्या छकुलीचीही आहे.”

नातीचं नाव निघताच सासूबाईंनी रजया अशा ओढल्या की दोन थेट अंगणात पडल्या. एवढ्यावर न थांबता त्यांनी पदरानं काचाही पुसल्या. चार वाजता आकडा सहावर होता.

दुसऱ्या दिवशी बावीसही मुलांना लस मिळाली. सुई बघून छकुलीनं भोकाड पसरलं, पण सासूबाईंचा सूर तिच्याही वर गेला. शेवटी डॉक्टरांनी त्यांना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.